मेंबरांचा शब्द

कोणी कागद पुढे केला की मेंबर त्यावर आपला रुंद पंजा ठेवत आणि कागद हळूच बाजूला सरकवत. "ऱ्हाऊ द्या तो. आधी चहा. मंग गोष्ट."

गोष्ट म्हणजे भांडण. धावड्याच्या आसपासच्या वस्त्यांवर बांधाचं, वाटणीचं, नांदायला न जाणाऱ्या लेकीचं, कुठलंही भांडण असो, ते शेवटी मेंबरांच्या ओसरीवर येऊन बसायचं. दोन्ही बाजूंना ते एकाच पातेल्यातला चहा पाजत. चहा संपेपर्यंत मिरचीच्या भावावर बोलत. मग एकेकाला गोठ्यामागे नेऊन काय ते सांगत. सगळ्यांसमोर कोणाला चूक म्हणायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. "चारचौघात माणसाला खाली पाहायला लावलं, की त्यो घरी जाऊन कुऱ्हाड हुडकतो," असं ते म्हणत. गोठ्यामागून परतलेला माणूस त्यांच्या हातात हात देई, आणि हात दिला की विषय संपला. लिहून काही घेतलेलं नसायचं. त्या हाताच्या जोरावर शेतं वाटली गेली, सोयरिकी टिकल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्यांचं जे झालं ते मी मागच्या खुर्चीत बसून पाहिलं.

धावड्याच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला, पिकांवर संशोधन करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेचं छोटं उपकेंद्र होतं. मी तिथे तांत्रिक सहायक. मिरचीची पानं आकसवणाऱ्या बोकड्या रोगापुढे मान न टाकणारं वाण शोधायचं, एवढंच आमचं काम. या संस्थेचा कारभार दिल्लीतलं नियामक मंडळ बघतं. अध्यक्ष मंत्री, मग निरनिराळ्या खात्यांचे सचिव, शास्त्रज्ञ, अर्थ सल्लागार, आणि नियमाप्रमाणे काही शेतकरी. त्यातल्या एका जागेवर मेंबरांचं नाव आलं. एका पुढाऱ्याच्या घरातली वाटणी यांनी मिटवली होती, त्याने सुचवलं असावं, असं लोक म्हणत. तोवर गाव त्यांना नाना म्हणायचं. नेमणुकीचं कळलं त्या दिवशी चौकातला चहावाला ओरडला, "घ्या! आता दिल्लीवाल्यांची भांडणं मिटवा, मेंबर!" तेव्हापासून ते मेंबर झाले. मी आणि काही जुनी माणसं मात्र नानाच म्हणत राहिलो.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून माझी सोबत लागली. मागच्या खुर्चीवर बसायचं, त्यांच्या कानाशी सांगायचं, आणि स्वतः तोंड उघडायचं नाही, अशी मला ताकीद होती. संस्था विमानाचं भाडं देत असे, पण नाना रेल्वेनेच जात. "विमानात माणसं तोंड मिटून बसत्यात. मंग जायचं कशाला?"

पहिल्याच प्रवासात मी त्यांना मंडळाची रीत समजावली. विषय आधी उपसमित्यांमध्ये ठरतात. खर्चाचं अर्थ समिती बघते. मग ते मंडळापुढे येतात.

"मंग मंडळ काय करतं?"

"मान्य करतं."

"अन् न्हाई म्हणायचं असंल तर?"

"म्हणता येतं, नाना. पण तिथेच म्हणावं लागतं. माईकचं बटण दाबून. मग ते इतिवृत्तात येतं."

ते खिडकीबाहेर बघून हसले. "आपल्या ग्रामसभेसारखंच हाय की. पारावर ठरलेलं असतं, सभेत नुसते हात वर."

मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं. किती लवकर समजलं यांना, असं मी घरी बायकोला सांगितलं.

बैठकीचं लांबट टेबल, प्रत्येकापुढे नावाची पाटी, जाडजूड फाइल आणि लाल दिव्याचा माईक. पहिल्या बैठकीत नानांच्या हाताने बटण दाबलं गेलं आणि त्यांना पत्ता नव्हता. ते माझ्याकडे वळून कुजबुजले, "साहेब, ह्ये बिस्कुट आत्ता खाल्लं तर चालतंय का?" ते साऱ्या सभागृहाने ऐकलं. मंत्रीमहोदय खळखळून हसले, मराठी कळणाऱ्या एका शास्त्रज्ञाने अर्थ सांगितला आणि मग सगळेच हसले. मध्यंतरात मंत्री स्वतः बिस्किटांची बशी घेऊन नानांकडे आले. परतीच्या गाडीत नाना म्हणाले, "चांगली माणसं हायेत. उगंच भ्याल्तो मी."

त्यानंतरच्या बैठकीत तो विषय आला. "लहान केंद्रांची पुनर्रचना" असं त्याचं नाव. आमच्या उपकेंद्राचं नाव विषयात कुठेच नव्हतं, ते मागच्या जोडपत्रात होतं. मी ते जालना स्टेशनावर गाडीची वाट बघताना वाचलं आणि नानांना दाखवलं. धावड्याचं केंद्र बंद करून तिथली वाणं मोठ्या केंद्राकडे वर्ग करायची. आठवडाभरापूर्वीच चौकात कोणी केंद्र टिकेल का अशी शंका काढली होती तेव्हा नाना म्हणाले होते, "मी हाय तवर केंद्र हलत न्हाई." केंद्रावर रोजाने येणाऱ्या बायांनी ते ऐकलं होतं. साऱ्या गावाने ऐकलं होतं.

"नाना, बटण दाबा आणि एवढंच म्हणा, की मला हे मान्य नाही. बाकीचं मी लिहून देतो."

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

विषय पुकारला गेला. महासंचालकांनी चार वाक्यांत तो मांडला. अर्थ सल्लागार म्हणाले, समितीने बघितलेलं आहे. मंत्र्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. मी पुढे झुकून पेनाने नानांच्या पाठीला टोचलं. त्यांनी न वळता टेबलाखाली हात हलवला. थांबा. पुढचा विषय पुकारला गेला. मी दुसऱ्यांदा टोचलं नाही. पाठ समोर होती, पेन हातात होतं.

जेवणाच्या सुट्टीत नाना मंत्र्यांपाशी गेले. त्यांना एका खांबाआड घेतलं, जसं गोठ्यामागे न्यायचे तसं. मी दुरून बघत होतो. नाना मोडक्या हिंदीत बराच वेळ बोलले. मंत्र्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "हाँ हाँ, देखते हैं, आप चिंता मत कीजिए." आणि निघून गेले.

"झालं," नाना मला म्हणाले. चेहरा उजळला होता. "एवढ्या मोठ्या माणसाला सगळ्यांम्होरं न्हाई म्हणायचं? त्यानं हात दिला ना."

मी म्हणालो, "नाना, ते लिहिलं जाणार नाही."

"तुमी लई कागद वाचता, साहेब."

गावात परतल्यावर ते थेट चौकात गेले. केंद्र राहतंय, मंत्र्यानं माझ्या हातात हात दिला, असं त्यांनी सांगितलं. चहावाल्याने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. मी तिथे होतो. मीही तो चहा प्यालो.

मग इतिवृत्त आलं. त्या विषयापुढे लिहिलं होतं: सर्वानुमते मान्य. मी ते वाचून दाखवलं तेव्हा नानांना राग आला नाही, ते गोंधळले. "सर्वानुमते म्हंजे? मी कवा हो म्हणलो?"

पुढच्या बैठकीपर्यंत मंत्री बदलले होते. मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करणे हा पहिलाच विषय असतो. नानांनी या वेळी बटण दाबलं. लाल दिवा लागला. ते उभे राहिले, खरं तर तिथे कोणी उभं राहत नाही. ते म्हणाले, "मी हो म्हणलो न्हवतो. मागच्या साहेबांनी मला शब्द देल्ता." मी मागून हिंदीत सांगू लागलो, तेव्हा मला थांबवून त्या मराठी जाणणाऱ्या शास्त्रज्ञाने ते सांगितलं.

नवे मंत्री सौजन्याने वागले. कुठे दिला होता शब्द, त्यांनी विचारलं. जेवताना, नाना म्हणाले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मंत्री म्हणाले, सभागृहात जे बोललं गेलं तेच इतिवृत्तात येतं, आणि त्यात चूक नाही. ते खरंच होतं. इतिवृत्तात एका अक्षराची चूक नव्हती. ते कायम झालं. नाना अजून उभेच होते. मी त्यांचा सदरा ओढून त्यांना बसवलं.

संध्याकाळी आम्ही निघत होतो, तेव्हा मंडळाच्या सचिव बाई जिन्यात भेटल्या. शांत, पांढऱ्या केसांच्या बाई. नानांचा मान ठेवून, अगदी आपुलकीने म्हणाल्या, "आपने उस दिन एक वाक्य भी बोला होता ना, तो हमें वह विषय समिति को लौटाना पड़ता. नियम है."

त्यांना वाटलं असेल, की कळलेलं बरं. नाना जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबले. गाडीत पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने गाव विचारलं, तर माझ्याकडे बोट केलं.

उपकेंद्र बंद झालं त्या दिवशी मोठ्या केंद्राची गाडी आली आणि बियाण्यांच्या पिशव्या घेऊन गेली. रानात उभी असलेली झाडं तशीच होती, तोडा जवळ आलेला. केंद्रावरच्या बायांमधल्या एका म्हातारीने मला विचारलं, "साहेब, ह्येंला पाणी कोण देईन?" मी म्हणालो, आता कोणी नाही. ती म्हणाली, "मेंबर तर म्हणले व्हते." आणि मग माझ्याकडे बघून तिने जीभ चावली, जणू तीच काही चुकीचं बोलली होती.

मला छत्रपती संभाजीनगरात बदली मिळाली. पगार चालू, क्वार्टर मिळालं, मुलीला चांगलं कॉलेज मिळालं. मी नानांना सांगितलं होतं, हे वाक्य मी स्वतःला ऐकवतो. ते खरंच आहे. मला त्याचा काही उपयोग होत नाही.

गावाने नानांना फार छळलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. चहावाला एकदाच म्हणाला, "काय मेंबर, दिल्लीत हात बी भाड्यानं मिळत्यात का?" नाना सगळ्यांबरोबर हसले. त्यानंतर ते चौकात आले नाहीत. मंडळाची मुदत उरली होती, बोलावणी येत राहिली. ते गेले नाहीत.

मी शेवटचा त्यांच्याकडे गेलो तेव्हा पलीकडच्या वस्तीवरचे दोन भाऊ ओसरीवर बसलेले होते. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी मोडली म्हणून थोरल्याने धाकट्याची मोटर तोडली होती. सूनबाईंनी चहा आणून ठेवला. नानांनी तो कोणापुढे सरकवला नाही. दोघांचं बोलणं मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

"भोकरदनला जा," ते म्हणाले. "वकील करा."

"नाना, असं काय बोलून राह्यले?" धाकटा म्हणाला. "तुमी सांगा, आमी ऐकतो. आमच्या बापाची वाटणी तुमीच केल्ती."

"तवा केल्ती."

"मंग आता?"

नाना आपल्या तळहाताकडे बघत राहिले. "मी सांगीन. तुमी मान डोलवाल. उद्या कोणी इचारलं तर काय हाय तुमच्यापाशी? जा. उगं येळ नका घालवू."

थोरला रडकुंडीला आला होता. वकिलापेक्षा नानांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी त्याला चाललं असतं. दोघे बराच वेळ बसून राहिले, मग एक पुढच्या अंगणाने गेला आणि एक मागच्या परसातून. मी काही बोललो नाही. तिथे मला तोंड बंद ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच थंडीत नाना गेले. झोपेत गेले, आजार काही नव्हता, असं सूनबाई म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. ते दोघे भाऊ आले होते. थोरल्याने पुढून खांदा दिला, धाकट्याने मागून. वाटेत खांदा बदलायची वेळ आली, तेव्हा थोरल्याची जागा घ्यायला धाकटा पुढे झाला. पण थोरल्याने त्याला बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि दुसऱ्या कोणाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दोघांची भोकरदनला तारीख होती. सकाळी मीही त्याच एसटीत होतो. एक ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला होता, एक अगदी शेवटच्या. दोघांच्या मांडीवर फायली होत्या. मधली सगळी गाडी रिकामी होती. मला कुठे बसावं ते कळेना, मी दांडीला धरून उभा राहिलो.