नांदेडच्या गंगेची ओटी

नवस बोलले तेव्हा मी सवाष्ण होते. फेडायची वेळ आली तेव्हा नव्हते. लातूरच्या दवाखान्यात लेकीच्या डेंग्यूने आमच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा हात जोडून म्हणाले होते, "गंगामाय, पोरगी उठली तर नांदेडला येऊन माझ्या हातानं तुझी ओटी भरीन." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पोरगी उठली. जाऊ जाऊ म्हणेपर्यंत तिचे वडील हृदयविकाराने गेले. विधवेने भरलेली ओटी मायला चालेल का? एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण पोरीच्या जिवापुढे शहाणपण चालत नाही. शेवटी चाकूरच्या जाऊबाईंनी माझ्या वतीने भरायची, असं घरात ठरलं.

घाटावर जाऊबाईंनी ताट घेतलं आणि मी वरच्या पायरीवर बसले. रडू येत होतं, रागही येत होता. शेजारी एक म्हातारी लुगडं पिळत होती, तिचंही कपाळ मोकळंच. आमचं बोलणं तिने ऐकलं असावं.

"नवस कुनी बोललं व्हतं?"

"म्या."

"मग हिचे हात कशाला? मायनं पोरगी वाचवली ते तुझं कुंकू बघून का?"

जाऊबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक. आता भांडण होणार, असं मला वाटलं. त्यांनी ताट माझ्याच हातात दिलं. "जा, तूच भर. मला बी सकाळपासून हेच डाचून राहिलंय."

गुडघाभर पाण्यात उतरून मी हळदकुंकू, तांदूळ वाहिले, नारळ सोडला. देवळात ओटी भरली की पुजारी त्यातला नारळ प्रसाद म्हणून परत आपल्या पदरात घालतो. नदीला कुठला पुजारी? नारळ थोडा पुढे गेला, वळला आणि येऊन माझ्या गुडघ्याला टेकला. पलीकडून होडी गेली होती, तिची लाट असेल. मी वाद घालत नाही. मी तो लोटायला वाकले तशा जाऊबाई ओरडल्या, "लोटू नको गं! पदर पसर!"

साडीसकट पाण्यात उतरून त्यांनी दोन्ही हातांनी तो नारळ माझ्या पदरात घातला. हे गेल्यापासून माझ्या ओटीत कुणी काही घातलं नव्हतं. मी चारचौघांत हंबरडा फोडला.

मायला काय चालतं, काय नाही, हे तिच्या वतीने मीच ठरवत बसले होते. आता ठरवत नाही. ती देते, मी पदर पसरते.