मैनेचा सलाम

हरसूलच्या वरच्या अंगाला, जिथं डांबरी रस्ता कंटाळून मातीचा होतो, तिथं नवसाबाईचं माकडघर आहे. फाटकावरच्या पाटीवर 'पुनर्वसन केंद्र' असं काहीतरी भारदस्त लिहिलंय, पण पंचक्रोशीत ते कुणी उच्चारत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी इथं असं धुकं उतरतं की जाळ्या दिसत नाहीत आणि माकडंही दिसत नाहीत. नुसते खाजवण्याचे, खोकल्याचे, जांभयांचे आवाज येत राहतात. नवख्या माणसाला वाटतं, धुक्यालाच झोप येतेय.

आत राहतात ती सगळी कामावरून सुटलेली मंडळी. कुणी औषधांच्या प्रयोगशाळेतून आलेलं, कुणी खेळवाल्याच्या दोरीवरून, कुणाला एखाद्या बंगल्यात हौसेनं पाळलेलं आणि हौस फिटल्यावर कुलूप लावून टाकलेलं. नवसाबाईचे यजमान भिमाजी म्हणतात, "समदे रिटायर झालेत. पेन्शन तेवढी आपल्याकडून."

दुपारी जेवणं उरकली की सगळं माकडघर पेंगतं. तेव्हा बघावं. सायकल चालवून पोट भरलेला म्हातारा नर झोपेत पाय मारत असतो. प्रयोगशाळेतून आलेली एक मादी डोळे मिटलेलेच ठेवून दंड पुढं करते, सुईसाठी. नवसाबाई अशा वेळी आंब्याच्या बुंध्याला टेकून बसते आणि स्वतःही अर्धवट झोपेत जाते. त्या अर्ध्या झोपेत तिला वाटतं की आपण सगळे एकाच स्वप्नात बसलोय आणि कुणीतरी मोठ्यानं शिंकलं तर सगळ्यांनाच जाग येईल. हे तिनं एकदा भिमाजींना सांगितलं. ते म्हणाले, "चहा कमी पी."

नवसाबाई म्हणजे खरोखरीची नवसाची. वणीच्या देवीला बोलून झालेली, म्हणून हे नाव. आई मोठी भाविक. तिनं लेकीला दुसरं काही शिकवलं नसेल, पण एक गोष्ट हाडीमासी रुजवली होती. अन्न हातात घेतलं की आधी कपाळाला लावायचं, मग तोंडात घालायचं किंवा दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं. नवसाबाईला आता ते कळतही नाही. आपली पापणी लवते तसा तिचा हात कपाळाशी जातो.

माकडघर काही ठरवून झालं नाही. घरच्या आंबराईत विजेच्या तारेला चिकटून एक माकडीण मेली आणि तिचं पिल्लू नवसाबाईच्या पदराला लोंबकळलं ते सुटेचना. मग वनखात्याच्या माणसानं आणखी एक आणून सोडलं, म्हणाला, एवढं सांभाळा. मग गाडी येतच राहिली. गावानं तोंडसुख घेतलं. माकडाच्या हाती कोलीत देतात हे ऐकलं होतं, हिनं तर अख्खी आंबराई दिली.  नवसाबाईनं फक्त एक कायदा केला, तोही तोंडी. इथं कुणी कामाचं खायचं नाही, भुकेचं खायचं. कोलांटी मारली म्हणून शेंगा, हात जोडले म्हणून पेरू, हे पाहुण्यांनाही बंद. एका पुढाऱ्याच्या पोरानं "नाच ना" म्हणून केळं पुढं केलं, तेव्हा तिनं केळ्यासकट त्याला फाटकाबाहेर काढलं होतं.

आणि हा कायदा मोडणारी एकच होती, मैना.

मैना मालेगावकडून आली. हमरस्त्यालगतच्या बाजारात खेळ चालू असताना वनखात्यानं तिला ताब्यात घेतलं होतं. उतरली तेव्हा अंगात झालरीचा फ्रॉक, गळ्याला दोरीचा घट्टा, दात झिजून सपाट. नवसाबाईनं फ्रॉक कापून काढला, चुलीत घातला आणि उकडलेलं रताळं कुस्करून पुढं केलं. मैना ताठ उभी राहिली. उजवा हात कपाळाला लावून तिनं कडक सलाम ठोकला आणि मगच रताळं घेतलं.

 नवसाबाईनं स्वतःची समजूत घातली, नवी आहे, विसरेल. पण जित्याची खोड. पावसाळे गेले, गळ्यावरचा घट्टा जाऊन तिथं केस आले, सलाम काही गेला नाही. आणखी एक होतं. मैना दुसऱ्या कुणाच्या हातचं खातच नसे. भिमाजींनी रताळं धरलं की ती बघत बसायची. ताटलीत ठेवून निघून गेलं तरी शिवायची नाही. नवसाबाई आली की उठायची, सलाम करायची, खायची. या दुसऱ्या गोष्टीचा नवसाबाईला आतून फार आनंद होता. पोटी मूल नाही आणि एक जीव म्हणतोय की तुझ्याच हातचं खाईन. कुणी आलं की ती सहज म्हटल्यासारखं म्हणायची, "माझ्याबिगर घास नाय घेत ती." म्हणताना मान जराशी वाकडी व्हायची.

या थंडीत मैना बसल्या जागी धापा टाकू लागली. जनावरांची डॉक्टर अंजली नाशिकहून दर आठवड्याला येते, तिनं छाती तपासली आणि नळी कानातून काढली. "नवसाताई, हृदय थकलंय तिचं. औषध देते, पण उन्हाळा बघेल असं मी सांगणार नाही."

 दुपारी आंब्याखाली नवसाबाईचे डोळे मिटले तेव्हा तिला मैना दिसली. शेंड्यावर बसलेली, तोंडभर काहीतरी कोंबलेली, कुणाकडेही न बघणारी. जागी झाली तर मैना जाळीपाशी तशीच बसलेली, हात मांडीवर. तेव्हा नवसाबाईला आपल्याला काय हवंय ते कळलं. मरण काही तिच्या हातात नव्हतं. पण मरण्याआधी या जिवानं एक जेवण तरी माकडासारखं जेवावं, नोकरासारखं नको, एवढंच तिला हवं होतं. ते झालं नाही तर आंबराई फुकट, पाटी फुकट, आपणही फुकट, असं तिला वाटू लागलं.

पुढच्या खेपेला अंजलीनं मैनेची खातानाची धाप दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची म्हणून तिचं खाणं मोबाइलवर टिपलं आणि नवसाबाईलाही दाखवलं. "मी अशी दिसते व्हय?" म्हणून नवसाबाई आधी हसली. मग तिचं हसू थांबलं.

"ताई, परत लाव."

अंजलीनं परत लावलं. पडद्यावर नवसाबाईनं रताळं उचललं, कपाळाला लावलं. लगेच जाळीपलीकडे मैना उभी राहिली आणि तिचा हात कपाळाला गेला.

"परत."

तिसऱ्यांदा बघायची खरं तर गरज नव्हती. खेळवाला काय करत असेल? आधी आपण सलाम करून दाखवत असेल, मग ती करत असेल, मग घास. आणि इथं, या कायद्याच्या घरात, रोज सकाळ-संध्याकाळ नवसाबाई हुकूम सोडत होती आणि म्हातारी तो पाळत होती. भिमाजी कपाळाला लावत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे खाणं नाही. माया नव्हतीच ती. हुकुमाशिवाय जेवायचं नसतं, एवढंच मैनेला ठाऊक होतं.

"मीच खेळवाली झाले की गं," नवसाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. अंजलीनं मोबाइल खिशात घातला. 

दुसऱ्या दिवशी नवसाबाईनं हात आवरला. ते सोपं नव्हतं. आईनं लावलेली सवय, हात आपोआप उठायचा आणि तिला डाव्या हातानं उजवं मनगट धरावं लागायचं. रताळं तिनं नुसतं पुढं केलं. मैना वाट बघत बसली. संध्याकाळीही तेच. ती रागावलेली नव्हती, रुसलेली नव्हती. ती फक्त कामाची वेळ होण्याची वाट बघत होती. तिनं पाणी घेतलं, घास नाही.

असं चालूच राहिलं, तेव्हा अंजलीचा फोन आला. "ताई, लावा कपाळाला. सलाम करून खाल्लं तरी पोट भरतंच. उपाशी नको मरायला."

भिमाजीही म्हणाले, "तिला काय ठावं, सलाम काय अन् काय. खाऊ दे बिचारीला."

दोघांचंही खरं होतं. नवसाबाई जाळीचं दार उघडून आत गेली, मैनेसमोर मांडी घालून बसली आणि रताळ्याचा तुकडा उचलला. हात हनुवटीपर्यंत आला. समोर मैनेचाही हात उठू लागला होता, अशक्त, पण शिस्तीत. नवसाबाईनं तुकडा खाली ठेवला. तिच्यानं होईना. पुढं काय करायचं तेही तिला माहीत नव्हतं. ती नुसती बसून राहिली आणि धुकं हळूहळू जाळीतून आत येऊन दोघींच्या मधे बसलं.

भिमाजी आले. मैनेबरोबर हिनंही दोन घास धड खाल्ले नव्हते. त्यांनी दारातून ताट आत सरकवलं. नागलीची भाकरी, बिनतिखटाचं वरण, उकडलेलं रताळं. "तू तरी गिळ," म्हणाले आणि निघून गेले. जाळीच्या आत बसून जेवायचं नाही, आजार इकडचे तिकडे होतात, हा अंजलीचा नियम. पण नवसाबाईला उठायचं बळ नव्हतं. तिनं ताट मांडीवर घेतलं, मैनेकडे पाठ केली आणि भाकरी मोडली.

घास कपाळाला न लावता तोंडात घालण्याची ही तिच्या जन्मातली पहिली वेळ. कोरडा लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं आणि ती डोंगराकडे बघत चावत होती. देवी रागावली तर रागावली. आज कुणी कुणाला काही देत नव्हतं, एक दमलेली बाई आपली आपण जेवत होती.

पाठीला काहीतरी लागलं. मग कुशीला ऊब आली. नवसाबाईनं मान वळवली नाही, चावणंही थांबवलं नाही. श्वास मात्र तिचा तिलाच ऐकू येऊ लागला. ताट जरासं हललं. भाकरीचा मोठा तुकडा ताटातून गेला. मग रताळं गेलं. मचमच आवाज सुरू झाला, अगदी बेशिस्त.

बराच वेळ गेल्यावर तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मैना तिच्या मांडीला रेलून बसली होती. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात रताळं, दोन्ही गाल फुगलेले. सलाम करायला तिच्याकडे हातच उरला नव्हता.