वन्संच्या पोटातला फुगा

माझी नणंद माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मी त्यांना वन्सं म्हणायची आणि जरा बिचकूनच असायची, कारण त्यांच्या हातात सुरी आणि तोंडात तिच्याहून धारदार जीभ. नवरा गेल्यावर पत्र्याची एक पेटी घेऊन त्या आमच्या दारात आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "वहिनी, मी कुणाच्या जिवावर बसून खाणारी नाही. काम बघूनच आलेय."

काम कत्तलखान्यात होतं, धुलाईच्या खोलीत. सिमेंटचे लांबट हौद, वर सारखा चालू असलेला नळ, आणि गुडघ्याएवढे रबरी बूट घालून ओळीनं उभ्या बायका. मेंढ्यांच्या पोटातला सगळा माल तिथं यायचा. आतडी उलटी करून धुवायची, कोथळे खरवडायचे. संध्याकाळी वन्सं घरी आल्या की आधी त्यांचा वास यायचा, मग त्या. मी नाकाला पदर लावला की म्हणायच्या, "लाव लाव, मीठभाकरी याच वासाची आहे."

तिथं एक तपासणारा डॉक्टर असायचा. कलेजीवर पाण्यानं भरलेला फोड दिसला की तो ती बाजूला काढायचा. नियम असा की ती कलेजी झाकणाच्या पिंपात टाकायची आणि जाळायची. पण पिंप अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला आणि कुत्री अगदी दाराशी शेपट्या हलवत उभी. बायका काय करायच्या, सुरीच्या टोकानं फोड टचकन फोडायच्या, पाणी हौदात जाऊ द्यायचं आणि कलेजी कुत्र्यांपुढे भिरकावायची. त्या फोडाला त्या फुगा म्हणायच्या. सव्वीस वर्षांत वन्संनी असे किती फुगे फोडले असतील, देवाला ठाऊक. "नुसतं पाणी असतं गं," त्या सांगायच्या. "आमच्या डोळ्यांत उडतं, तोंडावर उडतं. काही होत नाही."

त्या कुत्र्यांत एक तांबडी कुत्री वन्संची विशेष लाडकी. दुपारी त्या पायरीवर डबा उघडून बसल्या की ती मांडीवर डोकं टाकायची. ज्या हातानं तिची पाठ खाजवायची त्याच हातानं घास. हे, म्हणजे आमच्या घरचे, एकदा म्हणाले, "ताई, हात तरी धूत जा." वन्सं म्हणाल्या, "दिवसभर पाण्यातच तर असतात. आता काय साबणात मुरत घालू?"

पन्नाशी उलटली आणि वन्संच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. पाठीवर, मांड्यांवर, लालभडक, हाताच्या तळव्याएवढ्या. दोन दिवस राहायच्या, जायच्या, महिन्याभरात पुन्हा हजर. ज्याला त्याला कारण माहीत होतं. शेजारीण म्हणाली वांगं सोडा. धुलाईतल्या बायका म्हणाल्या अंडं सोडा. मी म्हटलं नवा साबण. हे म्हणाले, ताईचा राग बाहेर पडतोय. वन्संनी सगळं सोडून पाहिलं, राग सोडून. गांधी काही सुटल्या नाहीत. मग उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं, वाकलं की टोचायचं, तेव्हा कुठं दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण समजावून सांगणारी. तिनं पोटाचा फोटो दिव्यापुढं धरला. कलेजीत एक गोल काळी पिशवी, मोठ्या मोसंबीएवढी.

"हे तर मी ओळखते," वन्सं म्हणाल्या. "फुगा आहे हा. पण मेंढीचा माझ्यात कसा आला?"

बाई म्हणाली, "मेंढीचा नाही, कुत्र्याकडून आला. फुगेवाली कलेजी कुत्र्यानं खाल्ली की त्याच्या आतड्यात तांदळाच्या कणीएवढे जंत होतात. त्यांची अंडी त्याच्या केसांना लागतात, तिथून तुमच्या हाताला, हातातून पोटात. तुमच्या कलेजीत तो फुगा कित्येक वर्षं वाढतोय."

"आणि गांधी?"

"त्यातलं पाणी थेंबभर झिरपतं. तुमच्या शरीरानं ते पाणी शत्रू म्हणून ओळखून ठेवलंय. थेंबाला एवढा दंगा करतं. सगळा फुगा एकदम फुटला तर शरीर असं पेटून उठेल की घसा सुजेल, रक्तदाब पडेल, दहा मिनिटंही हातात नसतील. तेव्हा महिनाभर गोळ्या घ्या, मग आपण ऑपरेशननं तो नीट काढू. तोवर ओझं नको, पोटावर मार नको, कुणाकडून दाबून घेऊ नका."

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर बाकावर आल्यावर म्हणाल्या, "वहिनी, माझा जन्म पोटं उघडण्यात गेला. एकदा उघडलेलं पोट पुन्हा चालायला लागलेलं मी पाहिलेलं नाही."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांचा नवराही ऑपरेशनला आत गेला होता आणि चादरीखाली झाकलेला बाहेर आला होता, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

गोळ्या त्या नेमानं घेत होत्या. कामावर जाणं बंद, बादली उचलणं बंद. पण तारीख जवळ यायला लागली तसं जेवण तुटलं. त्यातच गांधी अशा उठल्या की अंगाला कपडा सहन होईना. पाच दिवस उरले असताना त्यांनी मला परसात गाठलं.

"बाजाराच्या मागं तो कंपाउंडर बसतो ना, पोटात पाणी झालेल्यांचं सुईनं काढतो. माझंही पाणीच आहे. सुई टोचायची, पाणी ओढायचं, संपलं. ते पोट फाडणं कशाला?"

"बाईंनी हात लावू नका सांगितलंय."

"बाईनं आयुष्यात किती फुगे फोडलेत? विचार तिला. मी हजारांनी फोडलेत. तू येणार आहेस की एकटी जाऊ?"

यांना सांगितलं असतं तर यांनी दार अडवलं असतं. मी सांगितलं नाही. एकटीनं जाऊ नये एवढंच डोक्यात आलं, आणि चपला घातल्या.

कंपाउंडरची खोली पडद्याआड, खाटेवर रेक्झिन. वन्संनी त्याला बोट ठेवून जागा दाखवली, जशी धुलाईच्या नव्या बाईला दाखवत असाव्यात. त्यानं मोठी सुई घातली. सिरिंजमध्ये पाणी आलं, नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. वन्संनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ, नुसतं पाणी."

त्यानं दुसरी सिरिंज लावेपर्यंत त्यांचा गळा लाल झाला होता. मग ओठ सुजले. डोळे मिटत गेले, सुजेनं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि काही बोलायला गेल्या, पण आवाजाऐवजी शिट्टीसारखं काहीतरी आलं. कंपाउंडर "असं कधी झालं नाही, असं कधी झालं नाही" म्हणत पाणी शिंपडत होता. मी रस्त्यावर धावले, हातगाडीवाल्याला आणलं, दोघांनी उचललं. दवाखाना समोरच्या चौकात होता. तिथं इंजेक्शन दिलं, छाती दाबली, नळी घातली. पण माझ्या मनगटावरची पकड हातगाडीवरच सैल झाली होती.

हे कामावरून धावत आले. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काय झालं? पडल्या का?" हो म्हणणं सोपं होतं, आणि हे माझ्या मागेच उभे होते. पण माझ्या तोंडून खरंच निघालं, सुईसकट, पडद्यासकट, आणि मी बरोबर गेले होते हेही.

बाई लिहीत राहिली. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बहिणीच्या पायांतल्या चपला काढल्या.

त्यानंतर हे अकरा वर्षं जगले. माझ्याशी चांगलेच वागले. वरणात मीठ कमी पडलं की सांगायचे, माझ्या चष्म्याची काडी त्यांनीच बांधून दिली. फक्त बहिणीचं नाव माझ्यासमोर कधी काढलं नाही. कुणी पाहुण्यानं विचारलंच, ताई कशानं गेल्या हो, तर म्हणायचे, "पोटाचं दुखणं होतं." मी उठून आत जायची आणि पाहुणा निघेपर्यंत आतच थांबायची.