पेटीला पाडलेल्या खिडक्या

मी वायर उपटली. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी भराभर वर सरकत होत्या, मध्येच लाल अक्षरं चमकत होती आणि खुर्चीत कोणी नव्हतं. मला वाटलं, ऑफिसात व्हायरस घुसला. मोठा पराक्रम केल्याच्या थाटात प्लग हातात धरून उभा होतो, तेवढ्यात ताई चहा घेऊन आल्या.

"भाऊ, हाई काय शे?"

ताई सटाण्याकडच्या. एरवी तुमच्याआमच्यासारखं बोलत. संताप आला की अहिराणी बाहेर पडे. मला ती त्या आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळाली. कारण तो व्हायरस नव्हताच. व्हायरसला कोंडायची पेटी तयार होत होती आणि ती मी अर्ध्यावर मारली होती.

पिंपळगावला द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी डिस्पॅच बघतो. खरेदीदार, लेबलवाले, शीतगृहवाले, जो तो आपला प्रोग्रॅम पाठवतो आणि आम्ही प्रसाद आल्यासारखा तो उघडतो. ताई संगणक सांभाळायला आल्या आणि त्यांचं एकच पालुपद सुरू झालं: "आधी पेटीत." त्या पेटीत अनोळखी प्रोग्रॅम चालतो, पण बाहेरच्या फायली त्याला दिसत नाहीत. आत त्यानं हवा तो धुडगूस घालावा.

ती पेटीही त्यांनी तयार घेतली नाही. मूळ कोड उतरवला, वाचून काढला आणि त्यातून स्वतः बांधायला घेतली. मी म्हटलं, ताई, आयती मिळत असेल की. तर म्हणाल्या, "कुलूप लावायचं, पण ते कोणी बनवलं ते बघायचं नाही?" असं काही रोखून पाहिलं, की मला घरच्या कुलपाचीही शंका यायला लागली.

हे बांधकाम म्हणजे लग्नातले मानपान. एक भाग नाही म्हणून काम अडायचं. तो आणला की त्याचा दुसरा सोबती आल्याशिवाय तो बसायचा नाही. सोबती आला तर तो जुना निघायचा. ताई पडद्याशी भांडत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. अखेर पेटी उभी राहिली. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि एक संशयित प्रोग्रॅम आत सोडला. तो फायली धुंडाळत फिरला, त्याला एकही सापडली नाही.

"बिचाऱ्याला वाटतंय, घरात कोणीच नाही," ताई म्हणाल्या. इतक्या खुशीत त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

कारण हंगाम सुरू झाला, आणि इथून पुढचं सांगताना माझं डोकं अजून तापतं. पेटीत लेबलांचा प्रोग्रॅम चालायचा, पण त्याला प्रिंटर दिसायचा नाही. आमचे मालक आप्पा म्हणाले, तेवढी खिडकी पाडा. ताईंनी पाडली, ते रास्तच होतं. मग पॅकिंगवाल्यांना सगळ्यांच्या फायलींचा फोल्डर आतून हवा झाला. मग इंटरनेट. ताई विनवत होत्या, की ही दोन्ही एकाच पेटीला देऊ नका. आप्पा म्हणाले, कंटेनर उभा आहे, प्रवचन हंगाम संपल्यावर.

"ही पेटी नाही राहिली आप्पा, मांडव झाला," ताई म्हणाल्या.

आप्पा हसले. आम्हीही हसलो. मालक हसला की हसायची आमच्याकडे पद्धत आहे; तुमच्याकडेही असेल.

एका सकाळी एकही फाईल उघडेना. इंटरनेटच्या खिडकीतून काहीतरी लेबलांच्या प्रोग्रॅममध्ये शिरलं होतं आणि फोल्डरच्या खिडकीतून सगळीकडे पसरलं होतं. कंटेनर फाटकात, द्राक्षं शीतगृहात, आणि कुठला माल कुणाचा, ते कोणालाच ठाऊक नाही.

मीटिंगमध्ये आप्पांनी जाहीर केलं, की बाईंची पेटी फुसकी निघाली. 'चूक माझी', एवढं ताईंनी लिहून द्यावं, भागीदारांना दाखवता येईल. नसेल द्यायचं तर उद्यापासून येऊ नये. आता तुम्हीच सांगा, ज्यानं भिंती पाडायला लावल्या, त्यानंच विचारायचं का, की चोर आत आला कसा?

ताईंचा आवाज चढला नाही. अहिराणीही आली नाही. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"पेटी माझी होती, आप्पा. खिडक्या तुमच्या. माझ्या पेटीबद्दल म्हणाल ते लिहून देते."

तसलं कागदपत्र आप्पांना नको होतं. ताईंनी डबा पिशवीत टाकला, खुर्चीवरचा स्वेटर उचलला आणि हायवेला जाऊन सटाण्याची गाडी धरली.

मी नाशिकला घरी पोचलो तो पेटलेलाच. बायको पोळ्या लाटत होती. तिच्यासमोर मी आप्पा झालो, ताई झालो, ओट्यावर मूठ आपटली. हा उघड अन्याय आहे म्हटलं, ही माणसं कंपनी चालवायच्या लायकीची नाहीत म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, की यातलं आप्पांसमोर किती बोललात?

मी पाणी प्यायलो.

"राग खरा आहे हो तुमचा," ती म्हणाली. "पण तो या स्वयंपाकघराबाहेर गेलेला मी अजून पाहिला नाही."