दाराला बांधलेली वही

नारायणगावात माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानासमोरच एका गृहस्थांचंही तसलंच दुकान, म्हणून आमचं बोलणं जेमतेम. एकदा चार गावांच्या मतदार याद्या संध्याकाळपर्यंत छापून द्यायच्या होत्या. मी लिनक्सवर मराठी फॉन्टची सेटिंग टाकली आणि दर यादीला एक अशा चार कमांड एकदम सोडल्या. चारही याद्यांत अक्षरांऐवजी चौकोन! नाक मुठीत धरून त्यांना बोलावलं. बोलण्याआधी त्यांनी सवयीप्रमाणे चष्मा पुसला.

“सेटिंग सोतापाशीच ठेवली तुमी, राव. एक्स्पोर्ट, म्हंजी पुढं धाडल्याबिगर त्या चौघी कमांडींना कशी मिळंल?”

सेटिंगच्या आधी तेवढा एक शब्द टाकून त्यांनी कमांड पुन्हा सोडल्या आणि चारही याद्या मराठीत निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या सगळ्या सेटिंगा लिहिलेली वही, कुणालाही बघता यावी म्हणून, त्यांच्या दुकानाच्या दाराला दोरीनं बांधली. बरेच दिवस मी ती लांबूनच बघितली. मग एकदा जाऊन तिच्यात माझी एक सेटिंग लिहिली. मान वर केली, तर ते चष्मा पुसत होते.