बनाबाईसाठी दोन शब्द

कळंब्याच्या सयाजीआण्णाला पंचक्रोशी ओळखायची ती मानपत्रांमुळं. कुणाचा सत्कार असो, एकसष्टी असो नाहीतर रक्षाविसर्जन, आण्णाच्या शब्दांशिवाय पान हलायचं नाही. दूध संस्थेतली कारकुनी संपली, पण ही चाकरी काही सुटली नाही. 'सौजन्यमूर्ती', 'वात्सल्यसिंधू', 'चंदनाप्रमाणे झिजून' हे शब्द त्याच्या तोंडात सुपारीसारखे घोळायचे. माणूस कसलाही नग असू दे, आण्णाच्या हाताखालून गेला की देव होऊनच बाहेर पडायचा.

जन्मापासून काही तो असा नव्हता. शाळेत असताना त्यानं तालमीतल्या वस्तादावर लिहिलं होतं, जसं बोलावं तसं. वस्ताद घोरतो कसा, पोरांना बदडतो कसा आणि मग स्वतःच बसून त्यांची अंगं चोळतो कसा. मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं, पोरं खिदळली, आणि मास्तर म्हणाले, ही काय लिहायची भाषा झाली? झालं! पोरगं जे बिचकलं ते बिचकलंच. लग्नानंतर एकदा त्यानं ते सगळं बनाबाईला तोंडी सांगितलं, तर ती हसता हसता रडायला लागली. पुढं जन्मभर तिनं टुमणं लावलं, तसं लिवा की परत. तो दरवेळी म्हणायचा, लिहू की, काय घाई आहे.

आता बनाबाई म्हणजे तोंडाची तोफ. म्हशीच्या सात पिढ्या उद्धरल्याशिवाय धारेला बसायची नाही. म्हैसही तिच्यासारखीच इरसाल. रेडकू मेल्यापासून तर त्या शिव्या कानावर पडल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. दूध तापवलेल्या पातेल्याची खरवड मात्र बाई कुणाला द्यायची नाही. चुलीपुढं बसून डोळे मिटून खायची. शेवटच्या दुखण्यात ती खाटेवरून शिव्या घालायची आणि हातकणंगल्याहून आलेली लेक संयोगिता धार काढायची.

जायच्या आदल्या दिवशी तिनं नवऱ्याचा हात धरला. म्हणाली, "माझ्या रक्षेला तुमचं ते मानपत्र नगं. मी कशी हुते ते सांगा. तुमच्या तोंडानं, दोनच शब्द."

आण्णा व्हय म्हणाला. मनापासून म्हणाला, खोटं कशाला बोला.

रक्षाविसर्जनाला गाव लोटला. राख सावडली, नैवेद्य मांडला, आणि पान ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. बाईची कसलीच इच्छा मागं राहिली नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले. एक इच्छा अजून आपल्या तोंडात अडकली आहे हे एकट्या आण्णाला ठाऊक. त्यानं सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी म्हशीच्या शिव्या सांगायच्या, मग खरवड. लोक हसले तर हसू देत.

दूध संस्थेचे चेअरमन हंबीरराव बोलून बसले आणि माईक आण्णाच्या हातात आला. समोर पांढऱ्या टोप्या, हात बांधलेली माणसं. त्यानं घसा खाकरला. त्याला ती वर्गातली पोरं दिसली की काय देव जाणे, पण तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "वात्सल्यसिंधू, सौजन्यमूर्ती, कैलासवासी सौभाग्यवती बनाबाई..."

त्याला ऐकू येत होतं की हो! थांब, थांब असं तो स्वतःला बजावत होता. पण उताराला लागलेली गाडी ती, थांबते कशाची. आपल्याच बायकोला तो परक्या बाईसारखा पुरत चालला होता. "चंदनाप्रमाणे झिजून..." म्हणाला, तर मागून एका म्हाताऱ्यानं "संसाराचं नंदनवन केलं" असं पुटपुटून वाक्य पुरंसुद्धा केलं. मागच्याच महिन्यात हंबीररावांच्या आईच्या, बाळाबाईंच्या रक्षेला सगळ्यांनी हेच ऐकलं होतं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. बायकांनी पदरानं डोळे टिपले. हंबीररावांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, असं बोलावं तर आण्णांनीच. त्या कौतुकानं आण्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताना लेक बापाच्या चार पावलं पुढंच चालत होती. गोठ्यात म्हैस पाय आपटत होती. बनाबाई गेल्यापासून तिनं धार दिली नव्हती, हात लावला की लाथ झाडायची. कास दगडासारखी झालेली.

संयोगिता चरवी घेऊन खाली बसली आणि बापाकडं न बघताच म्हणाली, "आण्णा, आईगत बोला की हिला. जलमभर ऐकलंय तुम्ही."

ऐकलं होतं, व्हय. शिवी न् शिवी पाठ होती त्याला. तो पुढं झाला, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिली शिवी उच्चारली. शब्द तेच होते, क्रमही तोच. पण निघाले ते कसे, तर माईकपुढं उभं राहून वाचल्यासारखे, सावकाश, एकेक अक्षर सुटं. त्यानं दुसरी घातली, तिसरी घातली, आवाज चढवून बघितला. तरी आवाज मानपत्राचाच. "बने," एवढं तरी आपल्या तोंडानं म्हणावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

म्हशीनं मान वळवून दाराकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं. तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. संयोगितानं रिकामी चरवी उचलली आणि ती आत निघून गेली.