राणीसाठी मागणं

टाचणीबाई गप्प असायची ती फक्त तोंडात टाचण्या धरलेल्या असताना. त्या काढल्या की गल्लीतल्या सगळ्यांचा समाचार, आणि जमलं तर देवालाही दोन सूचना. कपडे दुरुस्तीच्या तिच्या दुकानात कुणी शर्ट आटल्याची तक्रार केली की ती तोंडावर सांगायची, "शर्ट आहे तेवढाच आहे, तुम्ही फुगलात." तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं. तिची शिवण उसवलेली कुणी पाहिली नव्हती.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या वतीनं करायची प्रार्थना तिच्याकडे होती. डोळे मिटून, खणखणीत आवाजात ती आधी आजाऱ्यांसाठी मागायची, मग प्रवासात असलेल्यांसाठी, मग राणीसाठी. "आमच्या राणीला आरोग्य दे, दीर्घायुष्य दे." मंडळी म्हणायची, "आमेन." राणी एवढी जगली त्यात आपलाही हातभार आहे, असं तिचं ठाम मत होतं आणि ते ती चारचौघांत बोलूनही दाखवायची.

राणीवर तिचा जीव जडला तो गावातला नवा पूल खुला झाला तेव्हा. त्यासाठी आलेली राणी रविवार म्हणून याच चर्चमध्ये उपासनेला बसली, आणि प्रभुभोजनाच्या वेळी भाकर नि द्राक्षारस घ्यायला दोघींनी शेजारी शेजारी गुडघे टेकले. बाईनं मान खाली घातली, पण नजर जायची तिथं गेलीच. राणीच्या कोटाच्या कोपरावर रफू होता.

"आणि काय सुबक रफू!" ती सांगायची. "नवा कोट घ्यायला तिला काय धाड भरली होती? पण नाही. वर उठताना माझे गुडघे आखडले, तर हातही तिनंच दिला."

ती राणी गेली. बाईनं दुकान बंद केलं नाही. अख्ख्या गल्लीला दंडावर बांधायला काळ्या फिती हव्या होत्या, त्या ती शिवत बसली. सून म्हणाली, "आई, जरा टेका आता."

"राणी गेली, काम कुठं गेलंय?" बाई म्हणाली. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

स्मरणाच्या उपासनेला नगराध्यक्ष येणार होते, इतर चर्चमधली माणसं येणार होती. चर्चचे नवे पाळकसाहेब आदल्या दिवशी दुकानात आले आणि त्यांनी तिच्यापुढं एक कागद ठेवला.

"बाई, उद्या एवढं वाचून दाखवा. हल्ली तुमचं चुकतं. परवा तुम्ही बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा आजाऱ्यांत घातलंत."

"परत आजारी पडला असता म्हणजे?"

"उद्या चुकलं, तर ही प्रार्थना मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

ते तिला झोंबलं.  ही प्रार्थना काढून घेतली तर रविवारी चर्चमध्ये आपलं काम काय, हे तिला समजेना. सून काकुळतीला आली. "अहो आई, कागदावरून वाचा हं. एवढ्या लोकांत शोभा नको."

दुसऱ्या दिवशी बाई कागद घेऊन पुढं गेली. उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. देवाशी बोलायची दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती. आजाऱ्यांचं झालं, प्रवाशांचं झालं, आणि जीभ रुळलेल्या वाटेनं गेली.

"आमच्या राणीला आरोग्य दे, दीर्घायुष्य दे."

"आमेन," मंडळी म्हणाली. पाळकसाहेबसुद्धा म्हणाले.

मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सुनेनं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

बाईनं डोळे उघडले नाहीत. "देवा, चुकलं," ती म्हणाली. "ती तुझ्याकडे आली हे मला कळलंय, माझ्या जिभेला अजून कळायचंय. इतकी वर्षं मागितलं आणि तू कधी हात आखडता घेतला नाहीस. आता तिच्यासाठी काय मागू?"  इतके दिवस आत कोंडलेलं रडू सगळ्या गावासमोर बाहेर आलं, आणि तिनं ते आवरलं नाही. "नुसते आभार मानते. डोक्यावर मुकुट होता, पण तुझ्यापुढं गुडघे टेकायला ती कधी लाजली नाही. तिला जवळ घे. येशूच्या नावानं मागते."

 पहिला "आमेन" सुनेचा आला, रडत रडत, पण मोठ्यानं.

उपासना सुटल्यावर बाई दाराशी पाळकसाहेबांसमोर उभी राहिली. हनुवटी वर होती.

"पुढच्या रविवारी नवा राजा. राणीचा नातू," ती म्हणाली. "त्याच्यासाठी कोण मागणार?"

पाळकसाहेबांचे डोळे लाल झाले होते. "तुम्हीच, बाई. दुसरं कोण? दीर्घायुष्य मागा त्याला."

"कोवळं पोर आहे, आयुष्य पडलंय त्याच्यापुढं," टाचणीबाई म्हणाली. "आधी अक्कल मागते."